शालनबाई आणि नगाऱ्याची जागा

शालनबाई दगड चाटायच्या. हे मी कुणालाही सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडेच संशयाने बघतो, पण त्याला माझा इलाज नाही. लग्न होऊन मी लालबागच्या चाळीत आले, तेव्हा चाळीसमोर पाइप टाकायला चर खणलेला होता. एक साठीच्या बाई, कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला पर्स, त्या चराशी वाकल्या. एक ढेकूळ उचललं, पदराला पुसलं आणि जिभेला लावलं. मी भाजीची पिशवी धरून बघतच राहिले.

"चिकटलं तर माती, नाही चिकटलं तर दगड," त्या मला म्हणाल्या. मी काही विचारलंही नव्हतं. "हे चिकटलं. तू राऊळांची नवी सून ना? घाटावरची?"

शालनबाई दादरच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. चाळीतल्या बहुतेकांसारखंच त्यांचंही गाव कोकणातलं, माझ्या सासरचंच. चाळ त्यांना मागून दगडबाई म्हणायची आणि तोंडावर बाई. त्यांच्या घरी पाहुण्याला बसायला जागा मिळायची ती खुर्चीवरचा दगड उचलून खाली ठेवल्यावर. पोह्यांच्या डब्यात पोहे असतीलच अशी खात्री देता यायची नाही. मी एकदा तिथे चकलीचं पीठ मागायला गेले आणि तांब्याच्या खनिजाचा दगड घेऊन परत आले, कारण त्यांना तो मला दाखवायचाच होता.

त्यांचं खरं वेड मात्र जुन्या, सोडून दिलेल्या खाणी. इंग्रजांच्याही आधीच्या, माणसांनी नुसत्या छिन्नी-हातोड्याने कोरलेल्या. विदर्भातले हिऱ्यांचे बुजलेले खड्डे, कर्नाटकातली सोन्याची विवरं, सगळीकडे त्या कंबरेला दोर बांधून उतरल्या होत्या. "देवळं बांधली त्यांची नावं राजांनी कोरून ठेवली," त्या म्हणायच्या, "पण देवळाचा खिळा जिथून आला, तिथे कोण उतरलं होतं ते बघायला नको?" सोबतीला कुणी मिळेना तेव्हा त्यांनी मला धरलं. मी विमा कंपनीत नोकरी करणारी, शनिवार-रविवारी सासूच्या नजरेतून सुटायला कुठेही जायला तयार होते. त्यांनी मला शिकवलेला पहिला नियम एवढाच: "खाणीत आधी वर बघायचं, मग पाय टाकायचा. घसरलीस तर ढोपर फुटेल. वरचं आलं तर तू फुटशील."

छत बघायची त्यांची रीत होती. लोखंडी टोकाची एक काठी घेऊन त्या छताला हळूच ठोकायच्या आणि कान द्यायच्या. टणक आवाज आला तर पुढे. बद्द आवाज आला, की त्या खोलीचा मोह कितीही असो, मागे फिरायच्या. एकदा मी म्हटलं, "बाई, दोनच पावलं तर आहेत." तर म्हणाल्या, "तुझ्या विमा कंपनीला विचार, दोन पावलांचं काय देतात."

आता मूळ गोष्टीकडे येते. आमच्या गावच्या देवळामागे डोंगरावर जांभ्या दगडाचं सपाट मैदान आहे. त्या मैदानाच्या एका कोपऱ्यात पाय आपटला की खालून आवाज घुमतो. गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की खाली देवाचा नगारा आहे. जत्रेला माहेरवाशिणी तिथे पाय आपटतात, नवी जोडपी आपटतात, मीही आपटला आहे. तेव्हा गावच्या मुंबईकर मंडळाने ठरवलं की देवाचा नवा सभामंडप बांधायचा तर त्याच जागी. जत्रेला सगळं गाव एका छपराखाली बसेल आणि खाली नगारा वाजेल. लालबाग-परळला दशावताराचे खेळ लावून मंडळ बरीच वर्षं त्यासाठी पैसे जमवत होतं.

मंडळाची बैठक आमच्याच चाळीत व्हायची, गावकीच्या खोलीत. पूर्वी गिरणीत लागलेली गावची एकटी पोरं जिथे पथाऱ्या टाकून राहायची ती ही खोली. अध्यक्ष होते तात्या सावंत. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते, ऐन उमेदीत कबड्डी गाजवलेले, आणि आवाज असा की त्यांनी चहा सांगितला तरी भांडण वाटावं. त्या बैठकीत शालनबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तो नगारा नाही. ती जुनी लोखंडाची खाण आहे. जमीन पोकळ आहे. त्यावर मंडप आणि मंडपात गाव बसवू नका."

सगळी खोली एकदम बोलायला लागली. देवाची जागा म्हणजे काय खाण? तात्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "बाय, तू शिकलेली आसस, माका मान्य. पण देवान उजवो कौल दिल्यान हा. आता तुझो दगड काय सांगता, ता कोण ऐकतलो?"

कौलाचं घाटावरच्यांना सांगायला हवं. मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, आणि उजवीकडची पाकळी आधी पडली की देवाचा होकार. त्यापुढे आमच्या गावात कुणी ब्र काढत नाही. शालनबाईंनी काढला. "देवाला विचारलंत काय? मंडप बांधू का, एवढंच ना? खाली पोकळी आहे हे गाऱ्हाण्यात सांगितलंत? अर्धवट विचारायचं आणि पुरं उत्तर समजायचं, हे माझ्या पोरांनी परीक्षेत केलं तर मी शून्य देत असे."

त्याच मे महिन्यात आम्ही दोघी गावी गेलो. देवळामागच्या ओहोळाच्या वर, करवंदीच्या जाळीत खाणीचं तोंड होतं. लहानपणी शालनबाईंना तिथे वाघ आहे म्हणून सांगितलेलं. वाकून आत गेलं की उभं राहता येईल एवढी जागा, भिंतीवर छिन्नीचे तिरपे घाव, दिव्यांचे कोनाडे आणि त्यांवरची काजळी. शालनबाईंनी त्या काजळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. "पाच-सहाशे वर्षं असावीत," त्या म्हणाल्या. "अंदाज आहे हं, खात्री नाही. इथे बसून कुणीतरी भाकरी खाल्ली असेल गं." डोंगराच्या टोपीला कडक जांभा, त्याखाली लोखंडाचा थर, त्याखाली पांढरट मऊ माती, तिला तिकडे शेड म्हणतात. त्या लोकांनी मधला थर कोरून काढला आणि छप्पर पेलायला जागोजागी खांब ठेवले. आता खांब खालून ओल खाऊन झिजले होते.

नेमकी जागा ठरवायला त्यांनी मला वर पाठवलं आणि हातात शेजारणीचं मुसळ दिलं. मी मैदानावर मुसळ आपटायची, त्या खाली कान देऊन आवाज येईल तिथे खडूची खूण करायच्या. भर उन्हात मोकळ्या कातळावर मुसळ आपटणारी सून बघायला अर्धा गाव जमला. "राऊळांचे सुनेन दगड कांडूक घेतल्यान," असं एक म्हातारी म्हणाली ते अजूनही गावात चालतं. मग गवंडी वापरतात ती पाणी भरलेली नळी खाणीच्या तोंडापासून वर नेऊन त्यांनी उंची मोजली. नगाऱ्याच्या जागेखाली छप्पर जेमतेम कंबरेएवढं जाड होतं, आणि त्यात भेग.

तात्याही सुट्टीला बायकोसह गावी आले होते. कौल पुन्हा लावायला बाईंनी गावाला भाग पाडलं. गाऱ्हाण्यात या वेळी पोकळी, भेग, झिजलेले खांब, सगळं सांगितलं गेलं. गुरव अडखळला तिथे बाईंनी मागून सांगितलं. पाकळी पडली. उजवी.

गाभाऱ्याबाहेर हशा झाला. मला वाटलं, संपलं. बाई रडतील तरी किंवा मुंबईची गाडी तरी पकडतील. त्यांनी देवाला नमस्कार केला आणि वळून तात्यांना म्हणाल्या, "देवाचा होकार मला मान्य. देव गाभाऱ्यात बसतो, तिथे खाली अखंड दगड आहे, त्याला कसली भीती? मंडपात बसणार आहेत माणसं. तुम्ही अध्यक्ष. पायाखाली काय आहे ते एकदा बघून या, मग खुशाल बांधा. की भ्यालात?"

कबड्डीवाल्याला सगळ्या गावासमोर असं विचारल्यावर तो काय करणार? दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या डोक्याला हेल्मेट बांधून आमच्यामागे आत शिरले. बाई काठीने छत ठोकत पुढे, तात्या मध्ये, मी शेवटी. नगाऱ्याच्या जागेच्या अलीकडे, धड खांबाजवळ बाईंनी आम्हाला थांबवलं. "याच्यापुढे मीही जात नाही," म्हणाल्या आणि बॅटरीचा झोत वर टाकला. भेग दिसत होती. तात्या म्हणाले, "भेग काय, माझ्या खोलीकय आसा." आवाज नेहमीचा होता, पण हळू.

तेवढ्यात वरून पावलं वाजली. देवळाच्या पायऱ्या झाडून बायका मैदानावर आल्या होत्या. बोलण्याचे, हसण्याचे आवाज भेगेतून अगदी स्पष्ट खाली येत होते. कुणीतरी म्हणालं, "वैनी, वाजवा बघू नगारो." आणि एका बाईचं हसू आलं.

तात्यांचा चेहरा बदलला. "ह्यो हिचो आवाज," ते म्हणाले.

वर त्यांच्या बायकोने पाय आपटला. घुमला तो आवाज मला पोटात जाणवला. भेगेच्या कडेने मूठभर माती आणि एक खडा खाली आला. तिने पुन्हा आपटला. पुन्हा माती. तात्या ओरडले, "सुमन! बाजूक हो! बाजूक हो गो!" त्या आवाजाने लालबागचा नाका थांबला असता. पण वर सगळ्या हसत होत्या, खालचं कुणाला ऐकू जाईना. त्यांनी पुढे धाव घेतली, तशी शालनबाईंनी काठी आडवी धरली आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "तिकडे नाही. बाहेर चला. बाहेरून हाक मारा."

सत्तरीकडे झुकलेला तो माणूस ढोपरं खरचटत, वाकून, पळत बाहेर निघाला आणि करवंदीतून वर चढला. आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी बायकोचा दंड घट्ट धरला होता आणि ती भर गावात लाजून "सोडा हो" म्हणत होती. तात्यांना बोलायला दम पुरत नव्हता. शेवटी म्हणाले, "मंडप खयंय बांधा, पण हय नको. देवाक काय ता मी सांगतलंय."

मंडप देवळाच्या पुढच्या अंगणात झाला, लहान झाला. जत्रेला अर्धं गाव बाहेर उन्हात बसतं आणि बाईंच्या नावाने बोटं मोडतं. कारण ती जमीन काही खचली नाही. दरवर्षी कुणीतरी चाळीत मुद्दाम विचारायचं, "काय बाई, पडलो काय तुमचो डोंगर?" बाई हसायच्या. "नाही ना पडला? छान. मला खोटं ठरवणं त्याला शंभर वर्षं जमू दे." हे त्या मनापासून म्हणायच्या. आपलं खरं ठरावं म्हणून छप्पर पडावं असं त्यांना एकदाही वाटलं नाही. मला वाटायचं, खोटं कशाला बोलू.

गेल्या श्रावणात परळच्या हॉस्पिटलात त्या वारल्या. शेवटपर्यंत शुद्धीत होत्या, नर्सला भिंतीवरची कुठली फरशी पोकळ आहे ते सांगत होत्या. सगळं मीच केलं. घर आवरलं, दगड त्यांच्या कॉलेजला पोचवले. लोक म्हणाले, धीराची आहे. मला रडू येत नव्हतं, आणि त्याचीच मला लाज वाटत होती.

परवा मंडळाची बैठक होती. आता सगळी तरुण मुलं आहेत, शिकलेली, कामाला वाघ. नवा सेक्रेटरी म्हणाला की जत्रेला गाड्या वाढल्यात, देवळामागचं मैदान नुसतं पडून आहे, तिथे पार्किंग करू. इतक्या वर्षांत काही झालं नाही, ते बाईंचं उगाचच होतं. खोलीत माना डोलल्या. मी उठणार होते. तोंडापर्यंत शब्द आले होते.

माझ्या आधी तात्या उठले. ते हल्ली फारसं बोलत नाहीत, कोपऱ्यात बसून असतात. भिंतीला धरून, एकेक गुडघा सरळ करत ते उभे राहिले.

"मी खाली जावन इलंय," ते म्हणाले. "ज्येका थय गाडी लावची आसात, त्येना आधी माझ्यावांगडा खाली येवक व्हया. मगे बोलूया. चला, कोण येता?"

कुणी हललं नाही. "येता काय कोण?" त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी जुन्या आवाजात, आणि ते खरोखर चपला शोधायला लागले. सेक्रेटरीने मान खाली घालून पुढचा विषय घेतला. तेव्हा मला बाईंसाठी रडू आलं. सगळ्या मंडळासमोर, आवरेना इतकं.