टावरखालचा नारळ

हसायचं असेल तर आधीच पोटभर हसून घ्या, म्हणजे मधीमधी मला थांबावं लागणार न्हाई. आन् चहा गाळूनच बसा. माती खायला लोकांना आपलं गाव पुरतं. मी त्यासाठी विमानात बसून थेट पॅरिसला जाऊन आले!

मी आणि पॅरिस? अहो, आमच्या ह्यांचं वाटूरला फाट्यावर बी-बियाण्याचं दुकान. कंपनीनं सांगितलं, मक्याच्या इतक्या बॅगा विका, जोडीनं परदेश फिरवून आणतो. मंग काय! ह्यांनी अशी मका विकली की माझ्या माहेरच्यांनी सुद्धा ज्वारी सोडून मका पेरली. शेवटी अकरा दुकानदार, अकरा बायका आणि कडेवर आमची दोन वर्षांची ओवी, अशी वरात निघाली. प्रत्येक जोडीला कंपनीची एक काळी पिशवी, वर हिरवं कणीस.

पॅरिस बघायला वेळ किती, तर एक दिवस. अंबडच्या बाजाराला गेलं तरी मी यापेक्षा निवांत फिरते. सकाळी नदी बघायची, दुपारी तीन वाजता आयफेल टावरवर चढायचं, उतरलं की बस आणि दुसऱ्या दिवशी विमान. ह्यांचा सगळा जीव त्या तीनच्या तिकिटात. टावरच्या टोकावरून फोटो काढायचा आणि दुकानावर दहा फुटी फ्लेक्स लावायचा! मजकूर त्यांनी विमानातच लिहून ठेवला होता. समोरच्या दुकानदाराचं तोंड उतरलेलं बघायचं, एवढंच बाकी होतं.

आणि नेमकी त्या दिवशी ओवी सकाळपासून रडायला लागली. दूध न्हाई, पाव न्हाई, घरून नेलेला लाडू न्हाई. कडेवर हुंदके, खाली ठेवलं की किंकाळी!

मी काय केलं असेल? विचार? छे! मी निदान केलं. नजर लागली!

सकाळी नदीकाठी एका गोऱ्या आजीबाईंनी तिच्या गालाला हात लावून काहीतरी म्हटलं होतं. काय म्हटलं ते मला कळलं न्हाई. माझं इंग्रजी सातवीत थांबलं, आणि त्या बोलत होत्या त्यांच्या भाषेत. पण नजर ओळखायला कुठं भाषा लागते?

टावरपाशी पोहोचल्या पोहोचल्या सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला.

"आत्या, ओवी काहीच खाऊन न्हाई राह्यली."

"दाखव बरं. अगं बया, डोळे कसे झाले लेकराचे! कुणी कौतुक केल्तं का?"

"एका म्हातारीनं गालाला हात लावल्ता."

"झालं मंग! टावरपुढं फोडायला नारळ दिल्ता, तो हाय ना? सात येळा उतरव, काळ्या कपड्यात बांध, चार वाटा मिळतात तिथं ठेवून दे. आन् माघारी वळून पाहू नको. बिलकुल!"

"कुठपर्यंत?"

"घरी येईपर्यंत!"

आता वाटूरला आमच्या चौकापासून घर शंभर पावलं. पॅरिसपासून किती, हे त्यांनी विचारलं न्हाई आणि मीही सांगितलं न्हाई.

ह्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, अडीच वाजले! गाईड लाइनीत चला म्हणून राह्यला आन् तू नारळ काय काढती?"

"पोरीपेक्षा टावर मोठा हाय का?"

हाय म्हणतात, बराच. मी अजून मान वर करून बघितला नव्हता. पोर रडत असताना कोणती आई वर बघते?

काळा कपडा कुठून आणणार? कंपनीची पिशवी होतीच की! तिच्यातलं सामान ह्यांच्या खिशांत कोंबलं. बिस्किटं, पावडरचा डबा, ओवीची चड्डी. ओवीवरून नारळ सात वेळा उतरवला, पिशवीत घातला, बंदांना अशी गाठ मारली की जावईही सोडवू शकणार न्हाई. टावरसमोरच्या बागेत चार वाटा मिळत होत्या. तिथल्या बाकाखाली ठेवला आणि निघाले. टावर पाठीमागं, नारळ पाठीमागं, मी नाकासमोर.

"अगं, लाइन माघं राह्यली!" हे ओरडले.

"मला वळता येत न्हाई!"

"मंग काय करू? उचलून नेऊ?"

"मी डोळे मिटते आन् उलटी चालते. तुम्ही हात द्या."

झालं! ट्रॅक्टरची ट्रॉली मागं घेतात तशी ह्यांनी मला त्या जगप्रसिद्ध बागेतून मागं घेतली. "येऊ दे, येऊ दे... डावीकडं घे... बाई हाय, बाई हाय!" कडेवर ओवी भोंगा वाजवतच होती, त्यामुळं हॉर्नची सोय झालेली.

तेवढ्यात शिट्ट्या सुरू झाल्या. एक न्हाई, चहूबाजूंनी!

"बघा," मी डोळे मिटूनच म्हणाले, "लोक शिट्ट्या मारून राह्यले आपल्याला."

"लोक न्हाईत, पोलीस हायेत. जल्दी पळ!"

सगळी बाग रिकामी केली. आम्हाला पार पलीकडच्या रस्त्यावर नेऊन उभं केलं. मी अर्थातच टावरकडं पाठ करून. आमचा पुण्याचा गाईड पळत आला. "कोणीतरी बेवारस पिशवी ठेवून गेलंय. बॉम्ब असू शकतो. टावर बंद केलाय."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ओवीकडं बघितलं.

"कोण अक्कलशून्य आहे देव जाणे," आमच्यातलेच अंबडचे मारवाडी शेठजी तडतडले. "तीनचं तिकीट गेलं ना!"

"आईबापांनी वळण लावलं नसेल," त्यांच्या बायको, आमच्या भाभी, म्हणाल्या.

"काय एकेक माणसं असतात," मी म्हणाले. मग काय म्हणणार होते?

एवढ्यात धाडकन् आवाज झाला! शेठजी टाचा उंच करून आम्हाला सांगायला लागले. "फोडली पिशवी... पांढरं काहीतरी उडालं... पोलीस एक तुकडा उचलून वास घेतोय... अरे! अरे, हे तर खोबरं!"

पॅरिसच्या मधोमध नारळ कोण आणणार? फ्रान्सचा राजा?

मग एक पोलीसबाई हातात चिंधी घेऊन आमच्याकडं आली. काळी चिंधी, वर हिरवं कणीस. गाईडनं आमच्या खांद्यांवरच्या पिशव्या मोजल्या. दहा भरल्या. अकरावी जोडी उभी होती, नवऱ्याच्या खिशातून चड्डी लोंबत होती.

"मॅडम विचारतायत, पिशवीत काय होतं?" गाईडनं विचारलं.

"नजर."

"कोणाची?"

"हितल्याच एका बाईची."

गाईडनं काय सांगितलं कोण जाणे, पण त्या बाईंनी चिंधी त्याच्याच हातात दिली. मग त्यांनी ओवीकडं बघितलं. हात भरून आला म्हणून मी तिला खाली ठेवलं होतं आणि ती किंचाळत होती. बाई गुडघ्यावर बसल्या. गाल-बिल न्हाई, सरळ तिच्या पायाला हात घातला आणि बूट काढला.

बुटाच्या टोकातून निघाला कागदाचा बोळा!

जालन्याच्या दुकानदारानं घातलेला. टावरसाठी म्हणून राखून ठेवलेले नवे बूट मी त्याच दिवशी पहिल्यांदा घातले होते. बोळा काढायचा राहिला. पोर सकाळपासून बोटं दुमडून उभी, आणि आई नजर शोधत जगभर फिरतेय!

दुसरा बूट निघाल्याबरोबर ओवी हसली. बाईंनी दिलेलं बिस्कीट तिनं मटकावलं, वर ह्यांच्या खिशातली तीन संपवली. मला मात्र आजवर कुणी इतकं हळू आवाजात, इतकं लांबलचक रागावलं नसेल. समज देऊन सोडून दिलं. तोवर चढायची वेळ टळून गेली होती आणि बस हॉर्न देत होती. शेवटी रस्त्यावरच, पाठीमागं टावर घेऊन, सगळ्यांनी एक फोटो काढला. ह्यांच्या तोंडाकडं बघून कुणालाही वाटेल, फोटो टावरचा न्हाई, तेराव्याचा हाय.

भाभी म्हणाल्या, "आता कळलं ना नजर न्हाई म्हणून? मग घे की एकदा वळून बघून!"

तुम्हीही तेच म्हणाल. पण एवढ्या पोलीस बंदोबस्तात उतरवलेला उतारा मी अर्धवट सोडायचा? आणि सासूबाईंना काय सांगायचं? बसमध्ये मी मान ताठ ठेवून बसले.

वाटूरला घरात पाऊल टाकल्यावर सासूबाई म्हणाल्या, "हं, आता बघ माघारी."

बघितलं. आम्हाला सोडून वळणारा ऑटो दिसला.

फ्लेक्स मात्र ह्यांनी त्याच फोटोचा लावलाच. दहा फुटी! अजूनही गिऱ्हाइकं विचारतात, "वैनी, तो टावर डोळ्यांनी कसा दिसतो हो?"

मी दुकानावरच्या फ्लेक्सकडं बोट दाखवते. मी तरी दुसरीकडं कुठं बघितलाय?