घरच्या तोंडाला जंबुरा लावायचा नाही

दाढ आईच्या हातात मोडली. कट्ट असा आवाज आला. मी आक्काचं डोकं मागून माझ्या छातीशी दाबून धरलं होतं, त्यामुळं तो आवाज मला कानापेक्षा बरगडीत जास्त कळला. जंबुऱ्याच्या टोकात हरभऱ्याच्या दाण्याएवढा तुकडा होता. मुळं आतच राहिली होती. आक्काला आठवा महिना होता आणि ती खुर्चीच्या दोन्ही हातांना धरून ओरडत होती.

माझा बा तीन पावलांवर उभा होता. हात पाठीमागं बांधलेले.

"सोडू नको," तो आईला म्हणाला. "पुन्हा धर. हिरडीच्या खाली घाल."

"काय धरू? काईच दिसून राहिलं न्हाई. रगतच रगत हाय."

"कापूस दाब. आन् मंग धर."

आईनं जंबुरा त्याच्या पुढ्यात टेबलावर टाकला. "घ्या. तुमी धरा. तालुक्याचे दात उपटता, पोरीची एक दाढ उपटा."

बा अर्धं पाऊल मागं सरला. जंबुऱ्याकडं पाहिलं, पण हात पुढं केला नाही.

बा दातांचा डॉक्टर होता. कळमनुरीत त्याच्याआधी दातांचा डॉक्टर कुणी पाहिला नव्हता. त्याच्याकडं सर्टिफिकेट नव्हतं, पण लोक त्याला डॉक्टरच म्हणायचे, आणि काम पाहिलं तर ते चूक नव्हतं.

आमचं घराणं न्हाव्याचं. पणजोबा हजामत करायचा, गळू फोडायचा, बाजाराच्या दिवशी झाडाखाली बसून दात काढायचा. आजोबा हिंगोलीच्या छावणीत गोऱ्या शिपायांच्या दाढ्या करायला लागला. तिथं एक साहेब डॉक्टर शिपायांचे दात काढायचा आणि डोकं धरायला त्याला जोरदार माणूस लागायचा. आजोबा अंगानं दणकट. त्यानं कैक वर्षं डोकी धरली आणि धरता धरता साहेबाचे हात पाहिले. छावणी उठली तेव्हा साहेबानं दोन जंबुरे आजोबाच्या हातावर ठेवले. एक खालच्या दाढांचा, एक वरच्या. घोड्याच्या सरंजामाबरोबर आले असावेत इतके जड. आईच्या हातात होता तो त्यातलाच.

आजोबानं बाला वस्तरा धरू दिला नाही. हैदराबादेला एका दातांच्या डॉक्टराकडं ठेवला. बानं तिथं आधी झाडलं, मग प्लास्टर कालवलं, मग रबराच्या कवळ्या घासल्या, आणि शेवटी दात काढले. नऊ वर्षांनी तो एक पेटी घेऊन परत आला आणि बाजाराच्या रस्त्याला दुकान टाकलं. मी त्यानंतर जन्मले. आमच्या फळीवर प्लास्टरच्या बत्तिशा मांडलेल्या असायच्या, आणि दुसऱ्यांच्या घरी देव असतात तशा मला त्या वाटायच्या.

सुरुवातीला त्याच्याकडं कुणी येत नव्हतं. दाढ दुखली की लोक किडे काढणाऱ्या बायांकडं जायचे. त्या बाया भुईरिंगणीचं बी निखाऱ्यावर टाकायच्या, धूर नळीनं दाढेवर सोडायच्या आणि पाण्याच्या परातीत पांढरे किडे दाखवायच्या. बा एका बाजारी त्यांच्यासमोर जाऊन बसला. त्यानं तेच बी तापवलं, कुणाच्या तोंडाला नळी न लावता, आणि परातीत तसेच किडे दाखवले. ते बियांतले कोंब होते. लोक हसले. त्या बाईनं बाला अशा शिव्या दिल्या की आजोबा महिनाभर त्या सांगून हसायचा. तेव्हापासून लोक यायला लागले.

कवळी घालून एक शेतकरी वारंग्याहून आला होता. म्हणाला, "डॉक्टर, बैलाला हाळी दिली की कवळी उडून पडती."

"मंग हाळीबिगर चालणारा बैल घ्या," बा म्हणाला.

असा तो होता. भूत नाही, करणी नाही, किडे नाहीत, सगळ्याला हसायचा. फक्त एका गोष्टीला तो हसत नव्हता.

पणजोबानं आपल्या थोरल्या मुलाची दाढ स्वतः काढली होती. रक्त थांबलं नाही. राख भरली, हळद भरली, दुसऱ्या दिवशी पोरगं गेलं. काही काही माणसांचं रक्त थांबतच नाही हे आता लहान लेकरांनाही माहीत आहे. पणजोबाला माहीत नव्हतं. त्यानं देवासमोर शपथ घेतली की आपल्या रक्ताच्या माणसाच्या तोंडाला आपण लोखंड लावायचं नाही. पुढच्यांनीही लावायचं नाही. दसऱ्याला हत्यारं पाटावर मांडली की घरातला प्रत्येक जण जंबुऱ्यावर हात ठेवून म्हणायचा, घरच्या तोंडाला लावणार नाही. मीही म्हटलेलं आहे. बाही म्हणायचा, आणि म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर हसू नसायचं.

या नियमानं कधी कुणाचं अडलं नव्हतं. आमच्या घरात दाढ दुखली की हिंगोलीला एका म्हाताऱ्या जर्राहाकडं, म्हणजे जुन्या चालीच्या चिरफाड करणाऱ्या वैद्याकडं, जायचं. त्यानं माझीही एक काढली होती. बा बाहेर ओट्यावर बसून त्याच्या पोरांशी गप्पा मारत होता.

मग ते वर्ष आलं. निजामी राज्याचं शेवटचं वर्ष. गावागावांत बंदुका फिरत होत्या आणि लोक रातोरात पैनगंगेच्या पलीकडं वऱ्हाडात निघून जात होते. आक्का साखऱ्याला दिली होती. तिच्या सासरची माणसं ढोरं घेऊन नदीपार गेली. पोटुशी बाई चालणार कशी, म्हणून नवऱ्यानं तिला बैलगाडीनं आमच्याकडं आणून सोडलं आणि तो त्याच गाडीनं परत गेला. नांदेडची मोटार बंद झाली होती. जर्राह उन्हाळ्यातच लेकरंबाळं घेऊन हैदराबादेला निघून गेला होता. दाढ बधिर करायचं इंजेक्शन हैदराबादेहून यायचं, तेही यायचं थांबलं होतं.

आक्काची खालची उजवी दाढ दुखायला लागली ती पोळ्याच्या आधी. पहिले दोन दिवस तिनं लवंगेचं तेल लावलं आणि चेष्टा केली.

"बा, हलवायाच्या पोरीवानी गत माझी, मलाच पेढा न्हाई," ती गाल धरून म्हणाली.

बा हसला नाही. मी आरसा धरून तिचं तोंड उघडलं आणि त्यानं लांबून पाहिलं. पाहायला नियमाची मनाई नव्हती. त्याला लगेच कळलं. मलाही कळलं, कारण मी हत्यारं उकळताना त्याच्याशेजारी उभी राहून शेकडो तोंडं पाहिली होती. दाढेखाली पू झाला होता. ती आजच्या आज काढायला हवी होती.

तिसऱ्या दिवशी गाल सुजला. चौथ्या दिवशी बानं तोड काढली. आई या रक्ताची नाही. ती दुसऱ्या घरून आलेली. तिला नियम लागत नाही. तिनं जंबुरा धरायचा, तो बाजूला उभा राहून सांगणार.

आई भाकरी थापत होती. तिनं हातातली भाकरी परातीत टाकली.

"वीस वर्सं या घरात राबले. आज कळलं व्हय मला, मी परक्या घरची?"

"तसं न्हाई म्हणून राहिलो मी."

"मंग कसं म्हणून राहिले?"

आक्काच म्हणाली, "आये, तूच काढ. फक्त भाकरीवानी थापू नको मला."

आईनं काढली ती कशी, ते मी वर लिहिलं आहे. आईचा यात दोष नाही. दाढ आधी आत-बाहेर हलवून सैल करायची असते, मग ओढायची. हे तोंडानं सांगून येत नाही, मनगटाला यावं लागतं. आई विहिरीतून बादली ओढावी तशी ओढत होती.

तो दिवस आणि पुढचा दिवस बा भिंतीला टेकून बसून राहिला. मिठाचं गरम पाणी दे, तोंड धुव, पालथं झोपू देऊ नको, एवढं मला सांगायचा. दुकान उघडलं नाही. एक शेजारीण आली आणि म्हणाली, किडे काढणारी बाई बोलावू का? आई म्हणाली, बोलवा. मी बाकडं पाहिलं. त्यानं मान वर केली नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. बाजार भरत नव्हता, त्यामुळं ती बाई सापडली नाही. सापडली असती तर आमच्या घरात भुईरिंगणीचा धूर झाला असता आणि बानं तो होऊ दिला असता.

सहाव्या दिवशी सकाळी आक्काला थुंकी गिळता येईना. सूज हनुवटीखाली उतरली होती आणि हाताला फळीसारखी लागत होती. जीभ वर उचलली गेली होती. श्वास घेताना घरघर यायची. अशा एका माणसाला बाच्या दुकानातून खाटेवर घालून परत नेलेलं मी पाहिलं होतं. तो गावाच्या वेशीपर्यंतही पोचला नव्हता.

मी चूल पेटवली आणि हत्यारं पाण्यात टाकली.

"काहून उकळून राहिली?" बानं विचारलं.

"मी काढते."

"तू माझ्याच रक्ताची हायस. तुला चालत न्हाई."

"मंग काय मरू द्यायची?"

"दसऱ्याला हात ठेवून बोलली ना तू?"

"बोलले. चौथीपर्यंत शाळेत बी लई काई बोलले."

मी पातेल्यातून छोटी सुरी काढली. आक्काच्या हनुवटीखाली बोटं लावली. पू बाहेर काढायला कुठं कापायचं ते मला साधारण माहीत होतं. साधारण म्हणजे काहीच नाही, कारण तिथंच मोठी शीरही असते. आक्का माझ्याकडं पाहत होती. तिनं डोळे मिटले नाहीत.

बानं माझं मनगट धरलं. इतकं जोरात धरलं की नंतर चार दिवस निळं होतं. सुरी काढून घेतली आणि मला बाजूला ढकललं. तो माझ्यावर चिडला होता की स्वतःवर, मला कळलं नाही, आणि मी नंतर कधी विचारलं नाही.

त्यानं जबड्याच्या कडेखाली दोन बोटं मोजली आणि कापलं. पू निघाला. वास असा की आई बाहेर जाऊन ओकली. मग त्यानं दातांमध्ये दोन काडीपेट्या घालून तोंड उघडं ठेवलं आणि आतली दोन्ही मुळं काढली, एक एक. हात हलला नाही. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील. मी त्याचं इतकं स्वच्छ काम आधी कधी पाहिलं नव्हतं. तो हे पहिल्या दिवशीही करू शकत होता.

घरघर थांबली. दुपारी आक्का कपभर दूध प्याली. आईनं चूल सारवली, म्हणजे तिला वाटलं पोरगी वाचली.

तिसऱ्या प्रहरी आक्काला थंडी भरली. अंगावर चार गोधड्या टाकल्या तरी खाट हलत होती. दुसऱ्या दिवशी कळा सुरू झाल्या, महिनाभर आधी. सुईण आली. मुलगी झाली. एवढीशी, मांजराच्या पिलासारखी, नखंही पुरती न आलेली. बानं दुकानातला सगळा कापूस काढून दिला आणि आम्ही तिला त्यात गुंडाळलं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी भरदुपारी आक्का गेली. ताप उतरलाच नाही. शेवटचे दोन दिवस ती कुणाला ओळखत नव्हती, म्हणून ती काही बोलून गेली असं मी लिहीत नाही.

तिला नेऊन आल्यावर बा ओट्यावर बसला आणि म्हणाला, "मी हात लावला. म्हणून गेली."

आई आतून म्हणाली, "सहाव्या दिवशी लावला. पयल्या दिवशी लावला असता तर इथं बसून लेकराला पाजत असती."

त्यावर दोघं पुढं कधीच बोलले नाहीत. एका घरात राहिले, तिनं वाढलेलं तो जेवत राहिला.

थोड्याच दिवसांत फौज आली, राज्य गेलं, रस्ते उघडले. साखऱ्याची माणसं परत आली. जावई येऊन ओट्यावर रडला. लेकरू नेतो म्हणाला नाही आणि आम्हीही दिलं नसतं. त्यानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. त्याला मी नावं ठेवत नाही. बानं दुकान पुन्हा उघडलं. बधिर करायचं इंजेक्शन यायला लागलं, लोक यायला लागले, कवळ्या बनायला लागल्या. त्या दसऱ्याला हत्यारं पाटावर मांडलीच नाहीत. पुढंही नाहीत.

सुरुवातीला लेकरू दूध ओढू शकत नव्हतं. शेजारच्या तांड्यावरची एक बाई तान्ह्या पोराची आई होती. ती रोज येऊन वाटीत दूध पिळून द्यायची आणि आई ते कापसाच्या वातीनं थेंब थेंब पाजायची. सुईण म्हणाली होती, आठ दिवस काढील. शेजारीण म्हणाली होती, अमावास्येपर्यंत.

बा त्यानंतर बावीस वर्षं जगला. आई त्याच्याही नंतर नऊ. मी अजून आहे. आणि ती मुलगी जगली.