तालमीपुढची रिकामी गाडी

लॉकडाऊननंतर शिरोली एमआयडीसीतल्या भट्ट्या परत पेटल्या आणि आमच्या फौंड्रीतून निरोप आला, कोअर शॉपच्या बायकांनी कामावर यावं. साच्याच्या पोटात बसवायचे वाळूचे गाभे आम्ही करतो, त्यांनाच कोअर म्हणतात. ऑर्डरी वाढल्या होत्या, माणसं कमी पडत होती, म्हणून कंपनी कोडोलीच्या अलीकडच्या आमच्या गावापर्यंत गाडी पाठवणार होती. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! नवऱ्याचं काम लॉकडाऊनमध्ये गेलं ते परत लागलंच नव्हतं. घर आता माझ्या कामावरच उभं राहणार होतं.

पण आमच्या गावात सगळं दोन-दोन. दोन दूध संस्था, दोन तालमी, दोन गणपती. मयतीलासुद्धा माणसं गट बघून जातात. कंपनीच्या मागं लागून ही गाडी गावात आणली पंचायतीतल्या सत्ताधारी गटानं, म्हणून पुढच्या काचेवर त्यांच्या पुढाऱ्याचा फोटो चिकटवला. आमचं घर विरोधातलं. आमच्या तालमीत ठरलं, त्या गाडीत आपली बाई चढली म्हणजे घर फुटलं. आता गाडी वळायला जागा कुठं, तर आमच्याच तालमीपुढं! मग त्यांच्याकडं ठरलं, आपल्या बायका विरोधकांच्या दारात उभ्या राहणार नाहीत. दोन्हीकडच्या शहाण्यांना एकदा आमच्या भट्टीच्या तोंडाशी उभं करावं, असं मला फार वाटायचं.

पहिल्या दिवशी पहाटे मी दार किलकिलं केलं. धुक्यात समोरचं घर दिसत नव्हतं. पिवळे दिवे तेवढे जवळ आले. गाडी थांबली, आतला दिवा लागला, रिकाम्या सीटा दिसल्या. दार उघडलं, बराच वेळ उघडं राहिलं आणि मिटलं, कुणीतरी चढून बसल्यासारखं. गाडी गेली. माझ्या अंगावर काटा आला. मग धुकं जरा हललं, तेव्हा दिसलं की गल्लीतलं प्रत्येक दार माझ्या दारासारखंच किलकिलं होतं. प्रत्येक फटीत एक बाई, आवरून तयार, हातात डबा. कुत्रीसुद्धा गप्प होती.

रोज तेच. समोरच्या फटीत माझी कामावरची जोडीदारीण असायची. फौंड्रीत आम्ही एका टेबलाला, एका डब्यात जेवणाऱ्या. गावात मात्र ती त्या गटाची, मी ह्या गटाची. रस्त्यात समोरासमोर आलो तर मान वळवायची, ही रीत. कुणी बघितलं नाही तर चालतं. बघितलं की संपलं.

मग सुपरवायझरचा फोन आला. "गाडी रिकामी येत्या. शनवारपतोर कोण चढलं न्हाई तर बंद करणार बगा."

शनिवारी मी डबा घेऊन निघाले. सासरे दारालगतच्या सोप्यात बसले होते. म्हणाले, "पाय भाईर टाकलास तर तालमीत मला कोण इचारणार न्हाई."

"मग चूलबी तालमीतच पेटवा की, मामंजी. मी जातोय."

रस्त्यावर माझ्या चपलांचाच आवाज येत होता. दोन्ही बाजूंच्या फटींतून कुणीतरी श्वास घेत होतं. गाडीचं दार उघडलं. ड्रायव्हर म्हणाला, "एकट्याच व्हय, ताई?"

आणि मी वळून बघितलं. जोडीदारणीचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता. माझी नजर पडली, तसा तिनं तो आत घेतला. तिची कडी वाजली. मग पुढची, मग त्याच्या पुढची, गल्लीच्या टोकापर्यंत कड्या वाजत गेल्या. त्या सगळ्या गाडीत मी एकटी बसून गेले आणि वाटभर रडले.

एका बाईसाठी गाडी कोण पाठवणार? ती बंद झाली. एका गटानं बोर्ड लावला, गाडी विरोधकांनी घालवली. दुसऱ्यानं फटाके वाजवले, गाडी आम्ही परतवली. दोघंही खूश होते.

मी काम सोडलं नाही. आता पहाटे फाट्यापर्यंत चालत जाते, तिथं वडापची, माणसं भरली की सुटणारी जीप मिळते. काही दिवसांनी ओढ्याच्या पुलावर मागं पावलं वाजली. मी थांबले, ती थांबली. मी चालले, ती चालली. तेवढ्यात धुक्यातून खोकल्याचा आवाज आला. वाळूच्या धुळीचा, कोरडा, टेबलापलीकडून रोज ऐकलेला खोकला. मी वळणारच होते, पण त्या शनिवारच्या कड्या आठवल्या. तशीच चालत राहिले. गावाची शीव ओलांडल्यावर ती शेजारी आली.

"डब्यात काय आणलंस गं?" एवढंच म्हणाली.

आता मागं एकटीची पावलं नसतात. पुलावर ती एकदम वाजायला लागतात, कुणाच्या पैंजणांसकट, आणि माझ्या मानेवर काटा येतो. पण शीव येईपर्यंत मी मागं बघत नाही.