मधल्याची रांग

कुणी काहीही सांगितलं की मधला आधी "हो" म्हणायचा आणि मग ऐकायचा. तीन भावांतला दुसरा म्हणून घरात त्याला मधला म्हणत. नशिबाची थट्टा अशी की नोकरीतही त्याच्या वाट्याला मधलंच काम आलं.

त्याची कंपनी इंटरनेटच्या पेट्या बनवायची. प्रत्येक पेटीत दोन नेटवर्क कार्डं असायची. एक लाइन बसली तर दुसरी चालू राहावी म्हणून. पेटीच्या कर्नलमध्ये, म्हणजे आतला सगळा कारभार पाहणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, बाहेर जाणाऱ्या मजकुरासाठी तीन थर होते. वरचा थर मजकुराची छोटी छोटी पुडकी बांधायचा, त्यांना फ्रेम म्हणतात, आणि कुठली आधी जायची तेही तोच ठरवायचा. खालचा ड्रायव्हर ती कार्डाच्या हवाली करायचा. दोघांच्या मध्ये जो ड्रायव्हर होता, तो दोन्हींपैकी कुठलं कार्ड मोकळं आहे ते बघून फ्रेम खाली सरकवायचा. हा मधला ड्रायव्हर आपल्या मधल्याने लिहिलेला.

आता कार्डापाशी जागा असते मूठभर. ती भरली की खालचा म्हणतो, थांबा. ते "थांबा" मधल्याने वर कळवायचं, एवढंच त्याचं काम. पण कुणाला थांबा म्हणायचं तर मधल्याच्या जिवावर यायचं. त्यापेक्षा त्याने ड्रायव्हरच्या पोटात स्वतःची एक लांबलचक रांग करून ठेवली. वरून काहीही येवो, "हो, घेतलं" म्हणायचं आणि रांगेच्या शेपटाला लावायचं. आपल्या ड्रायव्हरमधून एकही फ्रेम गळत नाही, याचा त्याला कोण अभिमान! चहाच्या वेळी तो हे सांगायला लागला की लोक आपापले कप उचलून खिडकीशी जात.

घरीही तोच कारभार. त्याची आई आणि त्याची बायको यांचं भांडण नव्हतं. भांडायला आधी बोलावं लागतं. लग्न झाल्यापासून दोघी एकमेकींना इतक्या जपून होत्या की जे सांगायचं ते मधल्यामार्फत. गिझर बंद करत जा म्हणावं, कुंड्यांना पाणी जास्त होतंय म्हणावं, फ्लॉवर पुरे झाला म्हणावं. मधला दोघींना हो म्हणायचा आणि निरोप डोक्यात ठेवून द्यायचा. विसरायचा काहीच नाही, खोटं कशाला बोला. पण वरातीमागून घोडं. कुंड्यांचा निरोप पोचला तेव्हा झाडं कुजून गेली होती.

बायको दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात होती. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कारखान्याने तिला अख्खा विभाग सांभाळायला बोलावलं. असं बोलावणं यावं म्हणून ती कितीतरी वर्षं झुरत होती. उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचं होतं. तिने मधल्याला गाठून सांगितलं, की आईंना विचार, त्यांचं मन मोडून मला जायचं नाही. मधला हो म्हणाला, आणि भिजत घोंगडं ठेवलं.

शुक्रवारी सकाळी कचेरीत एका व्यायाम शिकवणाऱ्या बाईंचा फोन आला. कंपनीच्याच पेटीवरून त्या दूरच्या लोकांना घरबसल्या व्यायाम शिकवत. त्या म्हणत होत्या, की मी "पाय खाली" म्हणते तेव्हा माणसं भलत्याच वेळी खाली घेतात. एक निवृत्त मुख्याध्यापक आज्ञाधारकपणे एका पायावर उभे राहिले होते, ते शेवटी कपाटाला धरून खाली बसले. आता त्यांच्या घरचे आपल्याशी बोलत नाहीत, असंही बाई म्हणाल्या.

मधल्याच्या वरिष्ठ मॅडमनी पेटी टेबलावर मांडली. एकीकडून फोटोंचा ढीग पाठवायला लावला, दुसरीकडून बोलल्या. आवाज फोटोंच्या मागे अडकला. मधल्याने लगेच सांगितलं, की एकही फ्रेम गळलेली नाही.

"गळली नाही, शिळी झाली," मॅडम म्हणाल्या. "आवाज आधी सोडायचा हे वरच्याला कळतं. पण जे तू तुझ्या पोटात घेतलंस, त्याला तो हात लावू शकत नाही. तू नुसतं 'जागा नाही' म्हणाला असतास ना, तर त्याने फोटो मागे ठेवून वाट काढली असती."

मधल्याने जड मनाने स्वतःची रांग काढून टाकली. खालून "थांबा" आलं की तसंच वर द्यायचं आणि खाली जागा झाली की वरच्याला जागं करायचं, एवढंच ठेवलं. संध्याकाळी पुन्हा करून पाहिलं. "पाय खाली" झटक्यात पोचलं आणि खोलीत टाळ्या पडल्या. मधला मात्र पांढराफटक पडला होता.

त्याच्या डोक्यातल्या रांगेत, गिझरच्या मागे आणि नळवाल्याला बोलवायच्या निरोपाच्याही मागे, आईचा एक निरोप पडून होता. गेल्याच आठवड्यात ती म्हणाली होती, सुनेचं फोनवरचं बोलणं कानावर आलं, तिला सांग, खुशाल जा, माझी काळजी करू नकोस. आणि हा हो म्हणाला होता.

तो तसाच उठून घरी पळाला. बायको जेवणाच्या टेबलाशी बसली होती. आईंचं उत्तर नाही, म्हणजे नकारच असणार, असं समजून तिने दुपारीच फोन करून नाही कळवलं होतं. रडून डोळे सुजले होते. मधल्याला पहिल्यांदाच स्वतःची मनापासून लाज वाटली. त्याने आईला हाक मारली आणि दोघींसमोर सगळं सांगून टाकलं.

आई हातात अर्धा सोललेला बटाटा घेऊन उभी होती. तिने मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अगं, त्या कारखान्याचा नंबर लाव," ती सुनेला म्हणाली. "अशी मुळूमुळू रडू नकोस. आण इकडे."

पलीकडच्या माणसाला तिने सांगितलं, की मी हिची सासू, मघाचा नकार आमच्या मुलाच्या वेंधळेपणाचा होता, तो धरू नका. जागा अजून दुसऱ्या कुणाला दिली नव्हती. पण त्या माणसाला सुनेच्याच तोंडून ऐकायचं होतं. आईने फोन सुनेच्या कानाला लावला. ती हो म्हणाली, आणि मग दोघी सासवासुना एकमेकींना धरून हसत सुटल्या. मधल्याला कुणी बसही म्हटलं नाही.

बायको गेली. सासूसुनेचे आता रोज फोन चालत, आणि हा जवळ गेला की आई आवाज बारीक करी. एका संध्याकाळी तो आईच्या शेजारी जाऊन बसला.

"तिला सांग ना," तो म्हणाला, "घर खायला उठतं म्हणावं."

आई त्याच्या हातात फोन ठेवून स्वयंपाकघरात निघून गेली. मधल्याने नंबर लावला आणि तिने उचलल्या उचलल्या, कशी आहेस वगैरे न विचारता, म्हणाला, "तुझ्याशिवाय घर खायला उठतं गं."

त्याच्याकडून शिळेच निरोप यायची तिला सवय होती.

"हे तुला कधीपासून वाटतंय?" तिने विचारलं.

"आत्ताच," मधला म्हणाला.

तिला ते खरं वाटेना. तिने त्याला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.