व्याह्यांची पांढरी झाडं

माझ्या व्याह्यांइतका सुखी माणूस अख्ख्या नॉर्थ कॅरोलायनात दुसरा नसेल, आणि त्याबद्दल मला त्यांचा मनापासून राग आहे. मी सातवी शिकलेला गॅरेजवाला, गोड बोलायची सवय नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. हे माझ्या सुनेचे वडील, नागपूरकडे भूगोल शिकवून रिटायर झालेले. दर हिवाळ्यात मॉरिसव्हिलला येतात. बायको गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, मी इथे मुलाकडेच असतो, त्यामुळे आम्ही दोघे म्हातारे एका खोलीत. त्यांची बायको मात्र येत नाही. विमानात पाऊल ठेवणार नाही, असं तिने ठरवूनच टाकलंय. बायको जवळ नाही, ती दोघांचीही. पण त्यांची फोन उचलते.

आणि किती वेळा उचलते! या माणसाने एखादी वस्तू तिला दाखवली नाही, तर ती त्याने पाहिल्यात धरलीच जात नाही. इंडियन स्टोअरमध्ये वांगी घ्यायची तर कॅमेरा वांग्यांवर, आणि तिकडून निकाल: "ठेवा ते, बियाळ आहे." झाडावरची खार, न्हाव्याने कापलेले केस मागच्या बाजूने, शेजाऱ्याच्या अंगणातला हवा गेलेला सांताक्लॉज, सगळं तिकडे जातं. ती कौतुक करते म्हणता? छे! ओरडते. "अहो, मफलर कुठाय? व्याहीबुवा, तुम्ही तरी सांगा यांना." मी सांगत नाही. ज्याला ओरडणारं माणूस आहे त्याने खुशाल गारठावं.

या हिवाळ्यात त्यांनी डोंगरावरच्या पांढऱ्या झाडांचा ध्यास घेतला. पडलेला बर्फ वेगळा, म्हणे. तिथे ढगच झाडांना घासत जातो आणि फांदीफांदीवर गोठतो. ऊन आलं की तासाभरात सगळं गळून जातं, म्हणून दिवस नेमका साधायचा. मुलगा त्यांना म्हणाला, "बाबा, फोरकास्ट दिसतो ना फोनवर." पण मास्तरांना ते पटेना. रोज झोपायच्या आधी ओला पंचा मागच्या डेकवर टाकायचा आणि पहाटे जाऊन बघायचा. डोंगर इथून चार तासांवर, पण यांचा भरवसा पंच्यावर! एका शनिवारी पंचा पाटासारखा ताठ झाला. त्यांनी तो तसाच आत आणून फ्रिजला टेकवून उभा केला आणि जाहीर केलं, "निघायचं!" फोनवरून विहीणबाई एवढंच म्हणाल्या, "नवा होता ना तो?"

पोहोचलो तर वरच्या रस्त्याचं फाटक बंद, पुढे पायी. तेवढ्यात मुलाला ऑफिसचा फोन. "सिस्टिम डाउन झालीय. मी गाडीतूनच कॉल घेतो, तुम्ही दोघं हळूहळू जाऊन या." आम्ही एकमेकांच्या बाह्या धरून चढलो. वळण आलं आणि, खरं सांगतो, मी व्याह्यांची बाहीच सोडून दिली. वाऱ्याच्या बाजूने एकेका फांदीवर बोटबोट लांब पांढरी पिसं उगवलेली, काडीन्‌काडी सजवलेली. व्याह्यांनी लगेच फोन काढला, तर थंडीने तो बंद पडलेला. काखेत धरला, पोटावर घासला, बाळाला समजवावं तसं त्याला समजावलं. काही नाही. "व्याहीबुवा, तुमचा द्या हो जरा."

"चार्जिंग नाही," मी म्हणालो.

खोटं बोललो. माझा फोन सदऱ्याच्या आतल्या खिशात ऊबदार, भरलेला होता. मला कुणाला लावायचाच नसतो, तर संपेल कसा? म्हटलं, एक दिवस तरी बघू दे यांना माझ्यासारखं, एकट्याने.

पण ते बघेचनात. कठड्यावर बसले, झाडांकडे पाठ करून.

"बघा की आता! एवढा तमाशा करून आलात!" मी खेकसलो.

"काय बघू? तिला सांगता येत नसलं, की माझ्या डोळ्यांत काही राहतच नाही हो."

ढग फाटून ऊन खाली सरकत होतं. कडेच्या झाडावरून टपटप सुरू झाली होती. तीन वर्षांत या देशात मी काय काय पाहिलं, कुणी विचारलं तर मलाही सांगता यायचं नाही.

मी फोन काढला. "आलं का चार्जिंग?" एवढंच ते म्हणाले, आणि त्याबद्दलही मला त्यांचा राग आला.

मीच लावला. विहीणबाईंना आधी माझंच थोबाड दिसलं. "अगंबाई, व्याहीबुवा, तुम्ही? कान झाका आधी ते!" मी मुकाट्याने कान झाकले आणि फोन झाडांकडे फिरवला.

"कुरडया वाळत घातल्यात जशा! जवळून दाखवा. हाताला कसं लागतं? आणि चव?"

मी एक पीस मोडून तोंडात टाकलं. "पाण्यासारखीच," म्हणालो, "पण जराशी ढगाची." असलं काही मी जन्मात बोललो नव्हतो. त्या खळखळून हसल्या.

व्याही उठून आले आणि त्यांनी हात पुढे केला. "अहो, बायको माझी आहे! आणा इकडे!" तोंड अगदी माझ्यासारखं झालं होतं त्यांचं.

"थांबा," मी म्हणालो. "त्या पलीकडचं एक झाड राहिलंय."