खंडेनवमीच्या पुंगळ्या

गवीपूरमच्या उतारावर राहणाऱ्या मालोजीला राग फार लवकर येई, पण तो तोंडावाटे सहसा बाहेर पडत नसे. राग आला की तो मिशीचं टोक चावायचा आणि "सरी, सरी" म्हणायचा, कानडीतलं 'बरं, बरं'. घरच्यांना ही सवय पाठ झाली होती, त्यामुळे त्याच्या रागाची कोणी दखलच घेत नसे.

तो एका कारखान्यात फिटर होता. शिकारीची त्याला आवड नव्हती, आयुष्यात त्याने ससाही मारला नव्हता. वडिलांच्या मागे आलेली जुनी रायफल आणि हेब्बाळच्या पुढच्या माळावर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होणारी क्लबाची नेमबाजीची स्पर्धा, एवढंच त्याचं वेड. त्यासाठी तो वर्षभर बायकोची बोलणी खाई.

एकसष्ट सालच्या सुमारास परदेशी काडतुसं दुकानात मिळेनाशी झाली. मग क्लबातले लोक उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या वेचून आणू लागले आणि पुन्हा भरून वापरू लागले. पण पुंगळी एकदा उडाली की फुगते. ज्या रायफलीत ती उडाली, तिच्या घराच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या खोबणीच्या, मापाची होऊन बसते, आणि दुसऱ्या रायफलीत घालायला जावं तर अडते. म्हणून तिला बोटाने एरंडेलाचा हलका हात लावून पोलादी साच्यात दाबायची आणि पुन्हा मूळ मापावर आणायची. तेल कमी पडलं तर ती साच्यातच चिकटते. जास्त झालं तर तिच्या खांद्याला पोचा पडतो. काम कंटाळवाणं, आणि मालोजीला ते मनापासून आवडे.

या गोष्टीच्या आदल्या वर्षीच्या स्पर्धेत मालोजी पहिली गोळी झाडायला पालथा पडला, पण रायफलीचा बोल्ट, काडतुसामागची खिट्टी, मिटेचना. दुसरं काडतूस घातलं, तिसरं घातलं. एकही बसेना. शेवटी पंचांनी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. एकही गोळी न झाडता तो सायकल ढकलत घरी आला. त्या पुंगळ्या त्याने मेहुण्याच्या, दामोदरच्या, साच्यात दाबून घेतल्या होत्या. दामोदरची रायफल ढिली, त्याच्या पुंगळ्या लठ्ठ, आणि साचाही त्याच्यासारखाच ऐसपैस, असं मालोजीचं ठाम मत झालं. वर्षभर तो मेहुण्याशी धड बोलला नाही. त्या वर्षात त्याने स्वतः लेथवर नवा साचा घडवला, तीनदा बिघडवला, चौथ्यांदा साधला.

आणि या वर्षीची स्पर्धा त्याची शेवटची होती. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. दिवाळीनंतर शस्त्रक्रिया करायची ठरली होती. "त्यानंतर जाड भिंगाचा चष्मा. नेमबाजी विसरा," असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. निदान एकदा सगळ्या गोळ्या झाडून उठायचं, नंबर येवो न येवो, एवढीच त्याची इच्छा राहिली होती.

खंडेनवमीच्या सकाळी तो आंघोळ करून देवघराशी आला आणि दारातच थबकला. रायफल, दाबयंत्र, नवा साचा, पान्हे, सगळं ओळीने मांडलेलं, हळदीकुंकवाने माखलेलं. समोर रांगोळीच्या कमळात पाकळ्यांसारख्या रचलेल्या त्याच्या पुंगळ्या सोन्यासारख्या झळकत होत्या.

"कशा दिसतायत?" त्याची बायको वसुमती कौतुकाने म्हणाली. "चिंच आणि राख लावून घासल्या. हात सोलवटले माझे."

"सगळ्या?"

"सगळ्या. दादाचा डबाही तिथंच होता, म्हटलं त्याच्याही घेऊ घासून."

मालोजीने मिशी तोंडात धरली. धाकट्या भावाला दादा म्हणणारी ही बाई, तिच्या त्या दादाने, म्हणजे दामोदरने, "भावजी, जाताजाता माझ्याही दाबून ठेवा की" म्हणून डबा टाकला होता. आपल्या पुंगळ्यांच्या बुडाला मालोजीने तांबड्या रंगाचा ठिपका दिला होता, तोही चिंचेने धुऊन निघाला होता. आता त्याच्या कोणत्या आणि त्या लठ्ठ कोणत्या, हे ओळखायला काही मार्गच राहिला नाही.

"सरी," तो म्हणाला आणि साचा उचलायला वाकला.

"हात लावू नकोस!" मागून भागुबाई कडाडली. ती त्याची आत्या. वय झालं तरी आवाज ताशासारखा. "पूजेला बसलेलं हत्यार उद्या उत्तरपूजा झाल्यावरच उठायचं."

"आत्या, परवा सकाळी स्पर्धा आहे. पुंगळ्या दाबायच्यात, भरायच्यात..."

"तुझ्या आजोबांनी लढाईत असताना नवमी पाळली. तुझी काय मोठी लढाई अडलीये?"

आजोबा पलटणीत बिगुल वाजवत, हे मालोजीला माहीत होतं. पण बोलून उपयोग नव्हता. दिवसभर तो देवघरासमोर घिरट्या घालत राहिला, चुलीवरच्या दुधाभोवती मांजर फिरावं तसा.

दसऱ्याला पाहुण्यांची रीघ लागली. आपट्याची पानं, डाळीची कोसंबरी, कॉफी. भागुबाई प्रत्येकाला पूजा दाखवी, आणि उत्तरपूजा आणखी थोडी पुढे ढकली. दुपार उलटल्यावर एकदाची हत्यारं मोकळी झाली. मालोजीने सगळं परसात नेलं, एक पुंगळी उचलली आणि रायफलीत घालून पाहिली. बोल्ट मिटेना. दुसरी घातली. तीही तशीच. त्यातल्या निम्म्या तरी त्याच्या स्वतःच्या होत्या आणि त्या बसायला हव्या होत्या, हे रागाच्या भरात त्याच्या लक्षातच आलं नाही. लठ्ठ झाल्यात, दाबायला हव्यात, एवढंच डोक्यात.

त्याने दाबायला सुरुवात केली. एक दाबली, घालून पाहिली, बसेना. साचा आणखी खाली घेतला. दुसरी दाबली. बसेना. तिसरीला घाईत तेल लावायचं राहिलं, ती साच्यात घट्ट रुतली आणि ओढता ओढता तिच्या बुडाची कड तुटून हातात आली.

नेमका तेव्हाच दामोदर सोनं द्यायला परसात आला.

"काय भावजी, साचाच खाल्ला का पुंगळीने?"

"तुझ्याच पुंगळ्या त्या! घागरीसारख्या! दाबल्या तरी बसत नाहीत!"

"आता तुमच्याही साच्यातून निघून बसत नाहीत, तरी माझ्याच?" दामोदर पायरीवर टेकला. "एक वर्ष झालं, घागर घागर म्हणून छळताय. तुमच्याकडे एक कोरी पुंगळी आहे ना, कधीच न उडालेली? नमुन्याची? ती घालून बघा."

"ती बसणारच. तीत काय बघायचं?"

"मग बसवून दाखवा."

मालोजीने तावातावाने कपाटातून नमुन्याची पुंगळी आणली आणि रायफलीत सरकवली. बोल्ट मिटेना.

मग मालोजीने बोल्ट काढला, नळी उजेडाकडे धरली, चांगला डोळा लावला. काही नीट दिसेना. करंगळीला फडकं गुंडाळून त्याने घरातून फिरवलं. फडक्याबरोबर तांदळाचा एक दाणा बाहेर आला. कुंकवाने लाल झालेला, तेलात फुगून चिकट झालेला.

"आत्या!"

भागुबाई कमरेवर हात ठेवून दारात आली.

"रायफलीत अक्षता कोणी घातल्या?"

"मी. दरवर्षी घालते. तोंड उघडून दोन दाणे टाकते. हत्याराला काय उपाशी बसवायचं?"

"दरवर्षी?"

"तुझे वडील असल्यापासून. ते पूजा झाली की पुसून घ्यायचे. तुला पुसायला काय होतं?"

मालोजीने फडक्यावरच्या दाण्याकडे पाहिलं. एरवी तो पुसून नेई, पण मागच्या दसऱ्याला देवघरातून उचललेली रायफल तो तशीच गवसणीत घालून माळावर घेऊन गेला होता. म्हणजे वर्षभर साचा घडवण्यात घालवलेले रविवार, दामोदरला ऐकवलेली बोलणी, सगळं या दाण्यापायी. त्याला ओरडावंसं वाटलं. पण ओरडायचं कुणावर?

"सरी," तो म्हणाला.

दामोदर पोट धरून हसत होता. हसणं ओसरल्यावर तो म्हणाला, "चला, सरका. तेल मी लावतो, दाबा तुम्ही. आणि साच्यातली ती अगोदर काढू."

रुतलेली पुंगळी ठोकून काढेपर्यंत दोघांचे हात एरंडेलाने माखले. साचा मालोजीने पूर्वीच्या जागी आणला. मग काम सुरळीत चाललं, पण तोंडं काही थांबली नाहीत. तेल जास्त लावतोस, साचा फार वर घेता, असं शेवटच्या काडतुसापर्यंत चालू होतं.

दुसऱ्या दिवशी माळावर मालोजी पालथा पडला. पहिलं काडतूस सरकवलं. बोल्टवर हात ठेवताना तो क्षणभर थांबला.

"बसलं का?" शेजारच्या चटईवरून दामोदरने हळूच विचारलं.

बोल्ट लोण्यात सुरी जावी तसा मिटला.

"बसलं. आता गप पड."

सगळ्या गोळ्या झाडून तो उठला. शेवटच्या काही गोळ्यांच्या वेळी निशाणाचा काळा ठिपका धुरकट दिसत होता, त्या भलतीकडेच गेल्या. तो चौथा आला. दामोदर, त्याच त्या ढिल्या रायफलीने, दुसरा.

घरी भागुबाई वाटच पाहत होती. "झाडल्यास ना सगळ्या? मागच्या वर्षी एक तरी झाडली होतीस? यंदा मी दाणे जास्त टाकले होते."

मालोजीने मिशीचं टोक तोंडात घेतलं, रायफल पुसली, नळीत आणि घरात दोन्हीकडून फडकी कोंबली आणि ती भिंतीवर टांगून ठेवली.