दादानं सोडलेली सुरमई

पालमच्या बाजारात मेंढी विकायला उभा होतो. शेजारच्या पाटीतल्या सुक्या बोंबलांचा वास आला आणि मला एकदम ती होडी आठवली.

दहा-बारा वर्षांमागं एका हिवाळ्यात ऊसतोडीला न जाता मी आणि थोरला दादा समुद्रावर मजुरीला गेलो होतो. राहायचं होडीवाल्यासंगं त्याच्या लहानशा होडीतच. तिथंच स्टोव्ह, तिथंच झोप. खाऱ्या वाऱ्यानं ओठ फुटायचे आणि गोधडी काही केल्या वाळायची नाही. एका सकाळी दादाच्या गळाला मोठी सुरमई लागली. मेंढीचं पोट चाचपावं तसं त्यानं तिचं पोट अंगठ्यानं चाचपलं आणि तिला अलगद पाण्यात सोडून दिलं.

"येडा झालास का?" मी होडीवाल्यासमोरच त्याच्यावर ओरडलो.

"गाभण हाय रे," तो एवढंच म्हणाला.

आमच्यात गाभण मेंढी खाटकाला देत नाहीत. गावाकडं वहिनीला तेव्हा आठवा महिना लागला होता. माझ्या ते ध्यानातच आलं नाही. दिवसभर मी त्याच्याशी अबोला धरला. दुसऱ्या दिवशी लाटेनं होडी कलंडली आणि दादा पाण्यात गेला, तो सापडलाच नाही. लेकीचं तोंडही त्याला बघायला मिळालं नाही.

तीच लेक आज माझ्यासंगं बाजारात होती. खाटीक भाव सांगायला लागला, तशी ती खाली बसली आणि तिनं मेंढीच्या पोटावर अंगठा दाबून पाहिला.

"काका, ही गाभण हाय. इकू नका."

या खेपेला मी ओरडलो नाही. मेंढीचं दावं तिच्या हातात दिलं.